उघड्या टपाची मोटार



चालक मंडळी निमंत्रण घेऊन आमच्याकडे आली तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. तीस वर्षे ज्याने दुसरे काही केले नाही, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करणार? परंतु आम्ही विषय कळवला तो जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी काय पाहावे, हा. मंडळींपैकी एकांनी संकोचाने विचारले, "भाऊ, हौसेची मोटार घेणारे श्रोते आपल्या मुक्ताईनगरात कितीसे असणार?" प्रश्न रास्त होता. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याची ऐपत दांडगी आहे त्याला हे व्याख्यान नकोच. त्याची एक खरेदी फसली तर तो दुसरी करील. ज्याच्या हाती जन्मात एकदाच रोख रक्कम येते, त्याने ती कशात घालावी आणि घालण्यापूर्वी काय तपासावे, हा आजचा विषय आहे. मोटार हे त्याचे उदाहरण. पण उदाहरण सांगायचे तर नीट, बोल्टनटांसकट सांगितले पाहिजे, नाहीतर ते कीर्तनातल्या दृष्टान्तासारखे हवेत राहते.

बोलण्याचा अधिकार काय, तेही सांगतो. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे आपल्या गावावरून जाणाऱ्या सुरत-नागपूर हमरस्त्यावरचे एक गॅरेज. तिथे आम्ही पाने धुतले, जॅक लावले, गाडीखाली उताणे पडून तोंडावर काळे तेल घेतले. सुटे भाग ज्या कागदांत गुंडाळून येत त्या रद्दी वर्तमानपत्रांवर वाचनाची गोडी लागली. पुढे गॅरेजवाले, क्लीनर आणि ड्रायव्हर ह्यांच्या संघटनेचे काम अंगावर आले आणि हातातला पाना सुटून वही आली. आज आमचे वय पन्नाशीच्या पुढे आहे. पाना सुटला तरी कान शाबूत आहे; इंजिनाचा आवाज आणि मालकाचा आवाज, दोन्हींतली खोट आम्हांला अजून ऐकू येते, असा आमचा समज आहे. त्या समजाचीही एकदा परीक्षा झाली, ती कशी ते पुढे येईलच.

गोष्ट २०२३ सालच्या फाल्गुनातली. आमचे एक सभासद, वेल्डर, ज्या कारखान्यात १९ वर्षे होते तो कारखाना बंद झाला. महिना पगार १५,००० रुपये. वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे नुकसानभरपाई १,४२,५०० रुपये आणि उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ते सुमारे १,६४,००० रुपये; मिळून तीन लाख सहा हजारांच्या वर रक्कम झाली. ती मिळवण्यासाठी संघटनेला दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. पैसे खात्यावर आले त्याच्या आठव्या दिवशी हे सभासद आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, एक गाडी पाहून ठेवली आहे. तेवढी नजरेखालून घाला."

आम्हांला वाटले मालवाहू रिक्षा असेल. पाहतो तो त्यांनी खिशातून फोटो काढला. लाल रंगाची, दोन दारांची, डोक्यावर टप नसलेली स्टँडर्ड हेरल्ड! १९६४ सालची. हातनूर धरणाच्या फुगवट्याकडे एका गावात एका केळी बागायतदाराच्या शेडमध्ये ती उभी होती. मधे एक दलाल होता. किंमत २,४०,००० रुपये. आमच्या सभासदांचा बेत असा, की गाडी घ्यायची, वेल्डिंग-पत्र्याचे काम स्वतः करायचे, चकचकीत करायची आणि लग्नसराईत नवरदेवाच्या वरातीला भाड्याने द्यायची. "घोड्याचे पाच हजार घेतात भाऊ, मग उघड्या गाडीचे दहा का नाही?"

बेत वेडगळ नव्हता, हे आधी कबूल केले पाहिजे. नोकरी गेलेल्या माणसाला काहीतरी आपले स्वतःचे हवे असते. तरी आम्ही एवढेच म्हणालो, की जो माणूस गाडीच्या प्रेमात पडला आहे त्याने ती एकट्याने पाहू नये. न पडलेला एक माणूस बरोबर असावा. म्हणून आम्ही एका जुन्या मिस्त्रींना बरोबर घेतले. सारा हमरस्ता त्यांना चाचा म्हणतो. वय सत्तरीच्या घरात. उमेदवारी केली तेव्हा रस्त्यावर ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड ह्या तीनच घराण्यांचे राज्य होते.

आता हेरल्ड गाडीविषयी थोडे. ही गाडी मूळ इंग्लंडातल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीची. तिकडे १९५९ साली बाजारात आली. आकार आखला जोव्हान्नी मिकेलोत्ती ह्या इटालियन कारागिराने. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने ती १९६१ पासून साधारण १९७१ पर्यंत बनवली. सुरुवातीचे इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचे. तिच्या घडणीत एक विशेष आहे, आणि तो कारखानदारीच्या राजकारणातून आला आहे. इंग्लंडात कंपनीसाठी पत्र्याचे सांगाडे जिथे बनत तो कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला. एका जागी अखंड सांगाडा दाबून देणारा कोणी उरला नाही. मग कंपनीने निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे तुकडे बनवून घेतले आणि ते एका वेगळ्या चेसीवर बोल्टांनी जोडले. ॲम्बॅसडर आणि फियाट ह्यांना वेगळी चेसी नाही. त्यांचा पत्राच त्यांचा कणा. त्यांचे छप्पर कापले तर गाडीचा कणाच मोडतो, आणि वरातीसाठी अशा कापलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांत लहान मुले बसवू नयेत, इतके जाता जाता सांगतो. हेरल्डचे तसे नाही. तिचे छप्पर बोल्टांनी बसवलेले असते. पाना लावला की निघते. हा तिचा गुण आहे, आणि फसवणूकही त्यातूनच होते, हे ध्यानात ठेवावे.

आम्ही तिघे सकाळी दहाला पोहोचलो. मालक तरुण, बोलायला सरळ. दलाल मात्र आमच्या आधी येऊन बसलेला. चाचांनी गाडीकडे न पाहता आधी बोनेटवर हात ठेवला. बोनेट गरम होते. "सुबह चालू केली होती का?" दलाल म्हणाला, "तुम्हांला त्रास नको म्हणून गरम करून ठेवली." चाचा म्हणाले, "मग आज पाहणे नाही. उद्या थंडी गाडी पाहू." आमच्या सभासदांचा चेहरा उतरला, पाच मिनिटांत होकार देण्याच्या तयारीने ते आले होते. पण पहिला धडा हाच आहे. थंड इंजिन खरे बोलते. तापलेले इंजिन चटकन पेट घेते आणि आपले पुष्कळ दोष पोटात घालते. विकणाऱ्याला आधीच बजावावे की आम्ही येईपर्यंत किल्ली लावू नका. आणि पाहायला जावे ते दिवसाउजेडी, अंगावर मळले तरी चालतील असे कपडे घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेट गार होते. आता क्रम सांगतो.

प्रथम गाडीपासून दहा पावले दूर उभे राहावे आणि काही न बोलता चारी बाजूंनी पाहावे. गाडी एका बाजूला झुकली आहे का? दाराच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? ह्या गाडीच्या डाव्या दाराची फट खाली बोटभर होती आणि वर नख शिरत नव्हते. रंग ताजा होता. रंग ताजा असला की आम्ही आनंदित होत नाही. घाईघाईने रंगवलेली भिंत पाहून घर भाड्याने घेणारा शहाणा माणूस जसा सावध होतो, तसे आम्ही होतो.

दुसरे, लोहचुंबक. रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे, म्हणजे ओरखडा उठत नाही. लोखंड असेल तिथे ते धरते. खाली पुटी भरलेली असेल तिथे सटकते. मागच्या दोन्ही मडगार्डांवर आणि दारांच्या खालच्या कडेला चुंबक सटकले. बोटाच्या पेरांनी वाजवले तर पत्र्याचा टणत्कार न येता भरीव आवाज आला. सभासद म्हणाले, "पत्रा तर मी नवा लावीन." ते खरेच होते, पत्र्याला ते भिणारे नव्हते. म्हणून आम्ही म्हणालो, पत्र्याचे सोडा, खाली चला.

तिसरे, चेसी. वेगळी चेसी असलेल्या गाडीत हेच मुख्य. गाडी जॅकवर आणि मग लाकडी ओंडक्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, आमच्या धंद्यात त्याने माणसे गेली आहेत. आपल्या खानदेशात हवा कोरडी, ऊन पंचेचाळीस अंशांवर जाणारे. गंज इथे कोकणाइतका खात नाही. परंतु ही गाडी धरणाच्या फुगवट्याजवळ, केळीच्या बागेला लागून, मातीच्या जमिनीवर उभी होती. पेचकसाने टोचून पाहिले. मधले दोन मुख्य दांडे टणक निघाले. परंतु त्यांतून आडवे निघणारे जे हात सांगाडा तोलून धरतात, त्यांपैकी डाव्या बाजूचे दोन पापडासारखे फुटले. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. दार का झुकले, त्याचे उत्तर मिळाले.

उजव्या बाजूला वेगळेच आढळले. तिथलेही हात कधीकाळी कुजले होते, पण कोणीतरी ते बदलले होते. आणि इतक्या नेटकेपणाने, की शिवणीवरून बोट फिरवले तर कुठे अडत नव्हते. चाचा बराच वेळ तिथे बॅटरी धरून पडून राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "हा आमच्या उस्तादांचा हात आहे. ते दोन टाके पुढे आणि एक मागे घेत, म्हणून पत्रा वाकडा होत नसे." उस्तादांना जाऊन पंचवीस वर्षे झाली. बिलावर त्यांचे नाव कधी छापले गेले नाही. आम्ही हे सांगतो ते हळवे होण्यासाठी नव्हे. जुनी वस्तू पाहताना तीत कोणाचे काम झाले आहे, चांगले की लबाडीचे, हे वाचता आले पाहिजे. उजवी बाजू माणसाने केली होती, डावी दलालाने.

चौथे, दारांची परीक्षा. उघड्या टपाच्या गाडीला वरून आधार नसतो. सारा पीळ खालचा सांगाडा सोसतो. म्हणून एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचलावी आणि त्या स्थितीत दार उघडून लावून पाहावे. दार लागेनासे झाले तर गाडी मधून वाकते आहे असे समजावे. उजवे दार लागले. डावे लागले नाही.

पाचवे, आणि ह्या गाडीच्या बाबतीत निकालाचे, म्हणजे टप. दलाल सांगत होता की गाडी कंपनीतूनच उघडी आलेली आहे. टपाची ताडपत्री आम्ही उलगडली, तर खालची लोखंडी कमान सरळसरळ ऑटोरिक्षाची! कंपनीने केलेल्या उघड्या गाडीत ही कमान मिटून बसायला मागच्या सीटच्या बाजूंना जागा ठेवलेली असते. इथे ती नव्हती, मिटलेली कमान सीटवर येऊन पडत होती. मग पुढच्या काचेच्या चौकटीवर चाचांनी नखाने खरवडले. रंगाखाली पुटी, पुटीखाली बोल्टाचे भोक. शेजारी दुसरे. मागच्या कडेलाही तसेच. म्हणजे गाडी साधी, छपराची. छप्पर काढून तिला उघडी केलेली. मालकाला विचारले तर त्याने लपवले नाही. तो म्हणाला, "१९९४ साली घरात लग्न होते, तेव्हा काकांनी छप्पर उतरवले एवढे मला आठवते. मी लहान होतो. कंपनीची उघडी गाडी असे हेच गृहस्थ म्हणून राह्यले." दलालाला तेवढ्यात कुठेसे जायचे आठवले.

सहावे, यंत्र. हेरल्डचे बोनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडते. माणूस चाकावर बसून इंजिनाचे काम करू शकतो, इतकी सोयीची रचना. दोन गोष्टी तिच्यात मुद्दाम पाहायच्या असतात. इंजिनाचा मुख्य दांडा पुढे-मागे सरकू नये म्हणून आत अर्धचंद्रासारख्या चकत्या बसवलेल्या असतात. एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे पाहायचे. पुली डोळ्यांना दिसण्याइतकी पुढे सरकली तर चकत्या झिजल्या किंवा गळून पडल्या. तसेच चालवत राहिले तर सारा ब्लॉक निकामी होतो. सुदैवाने पुली हलली नाही. दुसरी गोष्ट पुढच्या चाकांचा खालचा सांधा. तो पितळेच्या जातीच्या धातूचा, आतून आटे पाडलेला. त्यात दाट गिअर ऑइल घालायचे असते; अडाणीपणाने ग्रीस भरले की पाणी आत राहून आटे गंजतात, आणि एके दिवशी चालत्या गाडीचे चाक आडवे पडते. इथे दोन्ही सांध्यांत ग्रीस ठासून भरले होते. मग इंजिन चालू केले. तीनदा खोकून चालू झाले, मागून निळा धूर आला, म्हणजे रिंगा झिजल्या होत्या. पण आवाज गोल होता. चाचा म्हणाले, "दिल अच्छा है, पाव खराब है."

सातवे, कागद. खरे म्हणजे हे पहिले पाहायला हवे, आम्हीही चुकलो. आर.सी. बुक मालकाच्या वारलेल्या आजोबांच्या नावावर, नूतनीकरण कित्येक वर्षांत नाही. वारसाच्या नावावर गाडी आधी चढावी लागते, त्यानंतरच विक्री. चेसीवरच्या नंबरावर कागद ठेवून आम्ही पेन्सिलीने छाप घेतला आणि बुकाशी ताडला. तो जुळला, ही जमेची बाजू. पण मोठी अडचण पुढेच होती. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. परंतु चेसी, सांगाडा किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. म्हणजे छप्पर उडवलेली गाडी तिथे अडणार. आणि नोंदली गेलीच, तरी तिचा रोजच्या वा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर वापर करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. वरातीचे भाडे ह्या नियमात बसत नाही, आणि साध्या खाजगी नोंदणीवर गाडी भाड्याने देणे हाही गुन्हाच. आमच्या सभासदांनी हे दोनदा वाचून दाखवायला लावले. दुसऱ्यांदा ऐकून ते गाडीच्या पायरीवर बसले.

आता हिशेब. चाचांनी तास सांगितले, आम्ही मांडले. चेसी आणि पत्रा ३०० तास, इंजिन ८०, चाके-ब्रेक-सांधे ६०, वायरिंग ४०, सीट आणि टप ७०, रंग १५०. एकूण ७०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर सुमारे ८८ दिवस. तासाला १०० रुपये ह्या आपल्याकडच्या हिशेबाने मजुरी ७०,००० रुपये. सुटे भाग आणि माल कमीत कमी १,१०,०००. गाडीचे २,४०,०००. बेरीज ४,२०,०००. हाती रक्कम तीन लाख सात हजारांच्या आतबाहेर.

ह्यावर सभासद जे बोलले त्यासाठी आम्ही हे सारे व्याख्यान मांडले आहे. ते म्हणाले, "भाऊ, मजुरीचे सत्तर हजार कशाला धरता? ते काम तर मीच करणार."

बंधूंनो, हाच माणूस. १९ वर्षे ज्याने जादा कामाच्या एकेका तासासाठी मालकाशी भांडण केले. आठ तासांच्या वर पाव तास झाला तरी वहीत लिहायला लावला. तोच माणूस स्वतःच्या ८८ दिवसांची किंमत शून्य धरत होता! आणि हे त्याचे एकट्याचे नव्हे. आपला शेतकरी केळीच्या घडाचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा खत धरतो, पाणी धरतो, वाहतूक धरतो. स्वतः आणि घरची बाई बागेत राबली ते धरत नाही. पापड लाटणारी भगिनी डाळीचा भाव धरते, हातांचा धरत नाही. दुसऱ्याने आपले श्रम फुकट घेतले तर त्याला आपण शोषण म्हणतो. आपणच ते फुकट धरले की त्याला हौस म्हणतो, नाहीतर संसार म्हणतो. त्या ८८ दिवसांत घरात पीठ कोठून येणार होते? ते त्या तीन लाखांतूनच जाणार होते. म्हणजे मजुरी द्यावी लागणारच होती, फक्त बिलात दिसणार नव्हती.

आम्ही स्पष्ट सांगितले, घेऊ नका. इथे आमचे कर्तव्य संपले असे आम्हांला वाटले. पण सभासद उठले आणि जे बोलले ते आम्हांला लागले. "भाऊ, तुम्ही आम्हांला मागायला शिकवलं. काही करायला निघालो की नाही म्हणता. मग ह्या हातांचं काय करू?" परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. दुसऱ्याची खोट ऐकणारा आमचा कान. ह्या माणसाच्या बोलण्यातले काम करण्याचे दुःख मात्र त्याला ऐकू आले नव्हते. आम्ही पैशाचा हिशेब बरोबर केला होता, माणसाचा अर्धा केला होता.

तीन दिवसांनी आम्ही पुन्हा मालकाकडे गेलो. ह्या वेळी दलालाशिवाय. चाचा हात धुवायला विहिरीकडे गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीवर पावसापासून आडोसा म्हणून एक पत्र्याचे छप्पर उलटे-सुलटे करून बसवले होते. मधे किंचित फुगीर, मागच्या काचेची जागा मोकळी, कडेला बोल्टाची भोके. हेरल्डचे छप्पर! मालक हसून म्हणाला, "चाचा, मोटारीचं टपरं मोटारीवरच आहे म्हणा की." मापे जुळली. कापाकापी झालेली नव्हती. १९९४ साली ज्याने ते उतरवले त्याने पाना वापरला होता, करवत नव्हे. म्हणजे गाडी पुन्हा मूळ रूपात येऊ शकत होती. उघडी मात्र राहणार नव्हती.

तिथे, त्या विहिरीवर बसून, आम्ही दुसरा व्यवहार सुचवला. गाडी मालकाची आहे, आजोबांची आठवण आहे, तीन वर्षांत तिला गिऱ्हाईक मिळालेले नाही. विकू नका. दुरुस्त करवून घ्या. माल तुमचा, हात ह्यांचे, तासाला १०० रुपये, दर शनिवारी चुकते, महिन्याला साठ तासांहून अधिक काम नाही, म्हणजे केळीच्या पैशांवर ताण पडणार नाही. तासांच्या दोन वह्या, एक मालकाकडे, एक कामगाराकडे, दोन्हींवर दोघांच्या सह्या. मालकाने एक दिवस विचार केला, घरात विचारले आणि होकार दिला. सभासदांनी आपल्या पैशांतून सुमारे साठ हजारांचे वेल्डिंगचे आणि कापण्याचे सामान घेतले, जे गाडीचे काम नसताना दारे-खिडक्यांच्या कामाला लागते. उरलेले पोस्टात ठेवले. त्या पासबुकावर वहिनींचेही नाव घातले, हे आमच्या आग्रहावरून.

कथा इथे गोड झाली असे कोणी समजू नये. २०२४ च्या दिवाळीपर्यंत वहीत ४१२ तास लागले होते. त्यांपैकी ३९६ तासांचे पैसे मिळाले होते आणि उरलेल्या सोळा तासांवरून मालक-कामगारांत थोडी बोलाचाली झाली. वह्या होत्या म्हणून ती सोळा तासांवरूनच झाली. डाव्या बाजूचे हात नवे झाले आहेत. दोन टाके पुढे आणि एक मागे घेण्याची रीत चाचांनी शिकवली. छप्पर बसले आहे. दार लागते. इंजिन उघडलेले आहे आणि रिंगा अजून यायच्या आहेत. सभासद अधूनमधून म्हणतात, "भाऊ, उघडी होती तेव्हा दिसायची मोठी ऐटीत." ती ऐट त्यांच्या मनातून आम्ही काढू शकलो नाही, आणि काढावी असेही आता वाटत नाही.

तेव्हा श्रोतेहो, जुने काही घ्यायला जाल तेव्हा, मग ते मोटार असो, ट्रॅक्टर असो की घर असो, थंडपणी पाहा. प्रेमात न पडलेला माणूस बरोबर न्या. रंगाखाली चुंबक लावा, खाली शिरून कणा टोचून पाहा, कागद सर्वांआधी पाहा. आमच्यासारखे शेवटी पाहू नका. आणि हिशेबाच्या कागदावर शेवटची एक ओळ मोकळी ठेवा. तिथे आपले स्वतःचे तास लिहा आणि त्यांपुढे रुपये मांडा. एवढे लिहून झाल्यावरही मन होय म्हणत असेल, तर खुशाल घ्या.